फ्लॅट दाखवायला एकटं जाताना काय काळजी घ्यायची

हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. मी पुण्यात घरांची ब्रोकर आहे. गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक नवीन मुलगी जॉईन झाली, २३ वर्षांची, लातूरकडची, बोलायला चटपटीत, काम शिकायची हौस आहे, आणि तिसऱ्याच दिवशी बाईसाहेब संध्याकाळी सात वाजता पुनावळ्याच्या एका अर्ध्या रिकाम्या टॉवरमध्ये अनोळखी माणसाला फ्लॅट दाखवायला एकटी निघाली होती, हातात चावी आणि फोनची बॅटरी ११ टक्के. मी तिला जिन्यातच अडवलं. राग आला तिला, म्हणाली ताई हॉट लीड आहे, आज नाही दाखवला तर दुसरा ब्रोकर दाखवेल. खरंय तिचं, दाखवेलच. तरी नाही जायचं. का नाही जायचं आणि मग जायचं कसं हे तिला दोन तास बसून सांगितलं, तेच इथे लिहून ठेवतेय, म्हणजे अजून चारजणींच्या कामी येईल. मुलांनीही वाचा, कारण लुटणारा माणूस समोर बाई आहे का पुरुष हे बघत बसत नाही.

आधी माझं सांगते. डिसेंबर होता, साडेसहा वाजलेले, म्हणजे पुण्यात तेव्हा अंधार पडलेला असतो. रेंटलची पार्टी, फोनवर अगदी सभ्य, बायको गावाला आहे म्हणून मी आधी बघून घेतो म्हणाला. उंड्रीच्या पुढे पिसोळीकडची सोसायटी, तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामे, आठव्या मजल्यावरचा टू बीएचके. मी सवयीप्रमाणे पुढे पुढे होऊन दाखवत गेले, हा हॉल, हे किचन, ही ड्राय बाल्कनी, आणि मास्टर बेडरूममध्ये पोचले तेव्हा मागे मेन डोअरच्या लॅचचा आवाज आला. टक् असा. मी वळून बघितलं तर तो पॅसेजमध्ये उभा, म्हणाला वाऱ्याने लागलं असेल. वारा अजिबात नव्हता. मी काहीच बोलले नाही, सरळ बेडरूमच्या बाल्कनीत गेले, समोरच्या विंगमध्ये एक काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्यांना जोरात हाक मारली, काकू जरा वॉचमनला वर पाठवता का हो, आठशे तीनला, लाईट येत नाहीये. लाईट तर चालू होता, त्यांना तो दिसतही होता. काकूंनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि हातातली ओली चादर तशीच खांद्यावर टाकून आत पळाल्या. वॉचमन यायच्या आधीच तो माणूस विचार करून सांगतो म्हणत निघून गेला. त्याने हात लावला नाही, वावगं काही बोलला नाही, मी पोलिसात जाऊन सांगणार काय, लॅच लागलं म्हणून? नंतर तो नंबर कायमचा बंद. त्या काकूंचं नाव मला आजही माहीत नाही, पण त्या चादरीसकट आठवतात.

घरी आल्यावर रात्रभर मी मोजत बसले की मी काय काय चुकले. अनोळखी माणसाला पहिल्यांदा भेटले तीच मुळी रिकाम्या फ्लॅटमध्ये. अंधारात गेले. कुठे चाललेय हे कोणाला सांगितलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मी आत आणि तो दाराजवळ अशी उभं राहायची जागा मी स्वतःहून त्याला दिली. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच आहे की आपली सेफ्टी फ्लॅटचं दार उघडायच्या आधीच ठरलेली पाहिजे, कारण आत गेल्यावर डोकं कमी चालतं आणि संकोच जास्त चालतो, पार्टीला वाईट वाटेल, डील जाईल, आपण उगाच संशय घेतोय असं वाटत राहतं. नियम आधी ठरलेला असला की त्या वेळी ठरवायला काही उरतच नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. लंडनमध्ये २८ जुलै १९८६ ला सुझी लॅम्प्लू नावाची २५ वर्षांची एजंट दुपारी घर दाखवायला म्हणून ऑफिसातून बाहेर पडली, डायरीत फक्त वेळ, मिस्टर किपर असं नाव आणि घराचा पत्ता लिहून. ती आजपर्यंत सापडलेली नाही. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने ट्रस्ट काढला, तो लोकांना एकट्याने काम करताना कसं सुरक्षित राहायचं हे शिकवतो. बघा, तिने नाव लिहिलं होतं, वेळ लिहिली होती, पत्ताही लिहिला होता. पण तो माणूस खरा कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं.

पहिली भेट ऑफिसातच

नवीन पार्टी, मग ती रेंटलची असो नाहीतर रिसेलची, पहिल्यांदा ऑफिसात भेटेल. ऑफिस नसेल, घरून काम करत असाल तर साईटजवळच्या एखाद्या गजबजलेल्या अमृततुल्यवर भेटा, चहा प्या, पाच मिनिटं बोला. या पाच मिनिटांत पूर्ण नाव, कुठे काम करतो, सध्या कुठे राहतो, घरात माणसं किती, कधी शिफ्ट व्हायचंय, बजेट काय, हे सगळं निघतं, आणि खरंच घर शोधणारा माणूस हे भराभर सांगतो कारण तो आधीच दहा ब्रोकरना सांगून कंटाळलेला असतो. ज्याला घर नकोच आहे त्याला डिपॉझिट किती परवडेल हे नीट सांगता येत नाही, एरिया कुठलाही चालतो, फ्लोअर कुठलाही चालतो, फक्त आजच बघायचंय आणि तुम्हीच दाखवा असा आग्रह असतो. हा आग्रह ऐकलात की थांबा.

आयडी मागायला लाजू नका. आपण महारेराची, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी करतो, त्यासाठी २०२३ पासून ट्रेनिंग आणि परीक्षा पण द्यावी लागते, पार्टी आपला नोंदणी नंबर महारेराच्या वेबसाईटवर टाकून आपण कोण आहोत ते बघू शकते, मग आपण समोरच्याचं नाव खात्रीने बघितलं तर बिघडलं कुठे. कंपनीचं आयकार्ड चालेल, लायसन चालेल. आधारची झेरॉक्स घेऊन फायली भरायची गरज नाही, उलट ती जबाबदारी आपल्यावर येते, नुसतं डोळ्यांनी बघा आणि नाव वहीत लिहा. मी फोनवरच हे वाक्य बोलते, तुम्हीही जसंच्या तसं वापरा: "सर, आमच्या ऑफिसचा सगळ्यांसाठी एकच नियम आहे, पहिल्यांदा ऑफिसला यायचं, आयकार्ड दाखवायचं, मग चावी निघते." ऑफिसचा नियम म्हटलं की माणूस तुमच्याशी वाद घालत नाही. आणि नियम खरंच सगळ्यांना लावा, चांगल्या कपड्यातल्या माणसालाही, बाईलाही, ओळखीच्याने पाठवलेल्यालाही. कोणाला सूट दिली आणि कोणाला नाही असं झालं की पुढच्याला नाही म्हणणं अवघड जातं.

नंबर सेव्ह करताना नाव काय दिसतं, व्हॉट्सॲपला फोटो आहे का, हे बघून घ्या पण त्यावर विसंबू नका, फोटो कोणाचाही लावता येतो. नंबर चालू आहे का हे कळायला निघायच्या आधी ऑफिसच्या फोनवरून त्याला एक कॉल करा, "आमच्या मॅडम चार वाजता भेटतील, सोबत आमच्या ऑफिसातला मुलगा आहे" एवढं दुसऱ्या कोणीतरी सांगायचं. नुसत्या या कॉलने दोनदा माझ्या पार्ट्या गळाल्यात, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

अजून एक, पोर्टलवर आणि ब्रोकर ग्रुपवर जाहिरात टाकताना "फ्लॅट रिकामा आहे, चावी माझ्याकडे, कधीही दाखवते" असं लिहू नका. सगळेच लिहितात, मला माहितीये. पण यात तुम्ही परक्या माणसाला सांगताय की जागा रिकामी आहे आणि तिथे एकटं कोण येणार आहे. "व्हिजिट अपॉइंटमेंट घेऊन" एवढंच लिहा. स्वतःचा घरचा नंबर देण्यापेक्षा धंद्याचं वेगळं सिम ठेवा.

निघण्याआधी

वेळ उजेडाची द्यायची. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास, त्याआधी अर्धा तास तुम्ही बिल्डिंगच्या बाहेर पाहिजे असा हिशोब धरा. आयटीवाल्यांना ऑफिसमुळे संध्याकाळच जमते, हिंजवडीत तर सुटायलाच सात होतात, मग शनिवार-रविवार द्या, नाहीतर सकाळी आठला द्या. माझ्या अनुभवात सकाळी आठला येणारी पार्टी घर घेतेच घेते. अगदीच संध्याकाळी जावं लागलं तर दोघांनी जा, आणि दोघं नसाल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा ओनरला आधी फोन करून ठेवा की मी येतेय.

व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन एक तासाचं टाका, १५ मिनिटांचं पुरत नाही आणि आठ तासांचं कोणी बघत नाही. पण लोकेशनवर भरवसा ठेवून गप्प बसू नका, कारण नकाशावर बिल्डिंग दिसते, मजला दिसत नाही. २२ मजल्यांच्या टॉवरमध्ये तुम्ही कुठल्या दाराआड आहात हे तो नकाशा सांगत नाही. म्हणून सोबत टाईप करा: सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, पार्टीचं नाव, नंबर, गाडीचा नंबर, किती वाजता परत. आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये रेंज जाते, त्यामुळे मेसेज गेटवर उभं राहूनच पाठवा, दोन टिक झाल्या का बघा.

गाडी बेसमेंटला लावू नका. गेटजवळ, बाहेर तोंड करून, मागे कोणाची फोर-व्हीलर अडकणार नाही अशी. पार्टीच्या गाडीत बसून जायचं नाही, एकामागून दुसरा फ्लॅट दाखवायचा असला तरी नाही, "मी पुढे जाते, तुम्ही माझ्या ॲक्टिव्हाच्या मागे या" म्हणा. चप्पल-बुटांचाही विचार करा, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे राहत्या घरात गेलं की दारात चपला काढाव्या लागतात, तेव्हा लेसचे बूट, पट्ट्यांच्या सँडल नकोत, पाय घातला की निघता येईल असं काहीतरी घाला. आणि वेळ आली तर चपला तिथेच राहू द्या, अनवाणी निघा. पर्स गाडीच्या डिकीत, अंगावर सोनं कमीत कमी, हातात फक्त फोन आणि गाडीची किल्ली.

गेटवर वॉचमनशी बोलल्याशिवाय वर जायचं नाही, हा माझा सगळ्यात आवडता नियम आहे. नाव घेऊन बोला, त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, म्हणून लक्षात राहतं. "काका, आठशे तीन दाखवायला चाललेय, वीस मिनिटांत खाली नाही आले तर वर या बरं का," हे पार्टीच्या समोर, तिला ऐकू जाईल असं सांगायचं. पार्टीची एन्ट्री रजिस्टरमध्ये किंवा गेटच्या ॲपवर तिच्या स्वतःच्या नंबरने करायला लावा, आपल्या नावावर आत घेऊ नका. दिवाळीला माझ्या नेहमीच्या सोसायट्यांच्या वॉचमनना फराळाचा डबा जातो, आणि तो मनापासून जातो, कारण अडीअडचणीला पहिला धावून येणारा तोच आहे.

फ्लॅटच्या आत

कुलूप उघडा, सेफ्टी डोअर आणि मेन डोअर दोन्ही सताड उघडी करा, आणि दाराला अडकण लावा. मी खिशात रबरी डोअर स्टॉपर ठेवते, नसेल तर वीट, पाण्याची बाटली, काहीही. दार उघडं का म्हणून विचारलं तर हवा खेळू दे म्हणा, बंद फ्लॅटला वास असतोच. कुलूप आणि चावी दाराला लटकत ठेवू नका, बाहेरून कोणी लावू शकतो, दोन्ही तुमच्या खिशात. बरेच दिवस बंद असलेल्या फ्लॅटमध्ये आत पाऊल टाकताच आधी वास घ्या, पाईप गॅसचं कनेक्शन असेल आणि गॅसचा वास आला तर लाईटचं बटण दाबू नका, खिडक्या-दारं उघडा, बाहेर या, मग फोन करा.

आणि आता मुख्य गोष्ट. पार्टी पुढे, आपण मागे. प्रत्येक खोलीत. "या सर, बघा" म्हणून हाताने आत जायला सांगायचं आणि आपण उंबऱ्यावर, दाराच्या बाजूला थांबायचं. जिन्यातही त्यांना पुढे जाऊ द्या. बेडरूम, टॉयलेट, टेरेस, स्टोअर रूम, या ठिकाणी आपण आत जायचंच नाही. वॉर्डरोब उघडून दाखवा म्हणाले तर "उघडं आहे सर, बघा तुम्ही", प्लंबिंग चेक करायचंय म्हणाले तर नळ त्यांनीच सोडू दे. ज्यांना ब्रोकरने पुढे होऊन दाखवायची सवय आहे त्यांना सुरुवातीला विचित्र वाटतं, मलाही महिनाभर वाटलं, पण उलट पार्टीला मोकळेपणी बघता येतं, कानाशी सतत बोलणारं कोणी नसतं. माझा धंदा त्याने कमी झाला नाही. पुरुष एजंटांनीही हेच करावं, समोर एकटी बाई किंवा मुलगी घर बघायला आली असेल तर तिला दाराच्या आणि तुमच्या मध्ये उभं राहू द्या, दार उघडं ठेवा, तिलाही तेवढीच भीती वाटत असते.

आत असताना फोनवर मान घालून बसू नका. ओनरशी वादातला भाडेकरू घरात असेल, दारूचा वास येत असेल, तीन माणसं येणार म्हणाले आणि पाच आली, तर दाखवायचं थांबवा, "चावी चुकीची आणली, ऑफिसातून घेऊन येते" म्हणा आणि खाली या. सांगितलेलं कारण खरंच असलं पाहिजे असं नाही.

बांधकाम चालू असलेल्या साईटवर माणसापेक्षा जागाच जास्त धोक्याची. वाघोली, मोशी, चऱ्होलीकडे अजून काम चालू असलेल्या टॉवरमध्ये पार्टीला व्ह्यू दाखवायचा असतो, लिफ्टच्या खड्ड्याला नुसती फळी आडवी, डक्ट उघडे, बाल्कनीला रेलिंग नाही. साईट इंजिनिअर किंवा सुपरवायझर सोबत असल्याशिवाय, हेल्मेटशिवाय वर जाऊ नका, लहान मुलांना अजिबात नेऊ नका. सॅम्पल फ्लॅटवरून लेआऊट कळतो, व्ह्यू खालून दाखवा.

काही खटकलं तर

ऑफिसातल्यांशी एक वाक्य ठरवून ठेवा. आमचं आहे, "सदाशिव पेठेतल्या फ्लॅटची चावी कुठे ठेवलीस?" आमच्याकडे सदाशिव पेठेतला एकही फ्लॅट नाही. हे वाक्य ऐकलं की ऑफिसात फोन उचलणारा फक्त हो किंवा नाही मध्ये उत्तर येईल असं विचारतो, एकटी आहेस का, पोलीस पाठवू का, आणि फोन चालू ठेवून निघतो. वाक्य साधं ठेवा, तोंडात बसलेलं, घाबरल्यावर पण निघालं पाहिजे. महिन्यातून एकदा उगाचच वापरून बघा, उचलणाऱ्याला आठवतंय का ते कळतं.

थेट धोका वाटला तर ११२, पोलिसांचा इमर्जन्सी नंबर. हद्दीचा विचार करू नका. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, वाकड-रावेत तिकडे, बाणेर-खराडी पुणे शहरात, भीतीच्या वेळी हे कोणाला आठवणार, ११२ वाले बघतात. सोसायटी, विंग, मजला, आधी एवढं बोला, बाकी नंतर. बऱ्याच अँड्रॉइड फोनात पॉवरचं बटण ५ वेळा पटापट दाबलं की इमर्जन्सी चालू होतं, पण सेटिंगमध्ये जाऊन ते चालू आहे का आणि कोणाला मेसेज जातो हे आजच बघून ठेवा. ओरडायची वेळ आली तर नुसतं किंचाळू नका, मोठ्या सोसायट्यांत मुलं खेळताना किंचाळत असतात, लोक लक्ष देत नाहीत. "वॉचमन, आठशे तीन" असं फ्लॅट नंबर घेऊन ओरडा. तो पत्ता आहे, ऐकणाऱ्याला कुठे धावायचं ते कळतं.

नंतर कोणी सतत फोन करत राहिला, पाठलाग केला, घाणेरडे मेसेज टाकले तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, यात फोन आणि मेसेजही आले. तक्रार कुठल्याही पोलीस स्टेशनला घ्यावी लागते, आमची हद्द नाही म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर नोंदवा असं स्पष्ट म्हणा. आणि टोकन पाठवतो म्हणून क्यूआर स्कॅन करायला लावणारे, मिलिटरीत आहे म्हणणारे फोन पुण्यात भरपूर येतात, पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढं लक्षात ठेवा, फसलात तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा.

ऑफिस चालवणाऱ्यांसाठी

पिसोळीचा तो प्रकार झाला तेव्हा मला माझ्या तेव्हाच्या ऑफिसात सांगितलं गेलं की एवढं काय मनावर घेतेस, काही झालं तर नाही ना. त्यानंतर वर्षभर मी अशा गोष्टी तिथे सांगितल्याच नाहीत, आणि मला वाटतं सगळ्यात मोठं नुकसान तेच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामासाठी बाई जिथे जाते ती जागा, जाण्यायेण्याचं ऑफिसने दिलेलं वाहन, सगळं कामाची जागा धरलंय, म्हणजे पिसोळीचा रिकामा फ्लॅटसुद्धा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती पाहिजेच, त्यापेक्षा लहान ऑफिसातल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. चावीच्या बोर्डाशेजारी एक वही ठेवा, कोणती चावी, कोणासोबत, किती वाजता गेली, आणि परत यायची वेळ उलटून पंधरा मिनिटं झाली की फोन करायचा, उचलला नाही तर गेटला फोन, तिथून वर माणूस पाठवायचा. आणि एजंटने खटकलं म्हणून व्हिजिट सोडली तर का सोडली म्हणून त्याला रागवायचं नाही, ती व्हिजिट त्या महिन्याच्या टार्गेटमधून वजा करायची.

आमच्या त्या लातूरच्या मुलीने पुनावळ्याचा फ्लॅट नंतर शनिवारी सकाळी दाखवला, मी सोबत गेले होते. पार्टी बायकोला आणि सासूला घेऊन आली. पोरगी दारात उभी राहून म्हणाली, या काकू, तुम्ही आधी किचन बघा. दाराखाली माझा रबरी स्टॉपर लावलेला होता, तो तिने मला अजून परत दिलेला नाही, मीही मागितला नाही.